कुवेतचा कॉम्प्युटर

हसन मुकादम आणि मी महाडच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे मी त्याच गावात मास्तर झालो आणि तो ट्रकवर गेला. एकदा भर पावसात कशेडीचा घाट चढताना मी त्याच्या शेजारी बसलो होतो. ट्रक खच्चून भरलेला, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला धुकं. हसन विडी ओढत मजेत गाणं म्हणत होता आणि मी डोळे मिटून सीटची कड धरली होती. हा माणूस आयुष्यात कशाला घाबरेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

त्याला मुलगी झाली, तसनीम, आणि वर्षभरात तो कुवेतला गेला. एका अरबाच्या घरी ड्रायव्हर म्हणून लागला आणि तिथेच राहिला. दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर यायचा. पोरगी किती वाढली असेल याचा अंदाज तो मालकाच्या मुलींवरून करायचा. त्या पोरी खाऊनपिऊन थोराड, त्यामुळे त्याने आणलेले फ्रॉक तसनीमच्या अंगात गोणत्यासारखे लोंबायचे. त्याची बायको उमैमा ते बाजूने टाचून तिला घालायची आणि फोनवर सांगायची, "एकदम बरोबर झाला."

२००४ साली तसनीम बारावीला चांगली पास झाली आणि तिला लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. सिव्हिल. म्हणजे रस्ते, पूल, धरणं. आमच्या मोहल्ल्याच्या आसपास मुलगी इंजिनिअर व्हायला निघाल्याची ती पहिलीच वेळ. लोणेरं महाडपासून जवळ, घरून एसटीने जाऊन येऊन करायचं ठरलं. त्याच आठवड्यात हसनचा मला फोन आला.

"मास्तर, पोरीला कॉम्प्युटर लागणार हाय. कसला घेऊ?"

मी म्हटलं, "हसन, आमच्या शाळेत एक आलाय. हेडमास्तरांनी त्याच्यावर कापड घालून ठेवलंय आणि कुणाला हात लावू दिलेला नाही. मी काय सांगणार तुला?"

"तू शिकलेला माणूस हायस रे."

"मी भूगोल शिकवतो."

मग तो म्हणाला, "मग इचारू कुणाला?"

त्याने सगळ्यांना विचारलं, आणि त्यातच त्याचा घोळ झाला. मुंब्र्याला राहणारा त्याचा पुतण्या उबेद म्हणाला, "चाचा, लॅपटॉपच घ्या. डेस्कटॉप का जमाना गया." महाडात चंदूचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. तो म्हणाला, "काका, तिकडून काही आणू नका. मी इथे जोडून देतो, बिघडला तर हाकेला हजर." कुवेतमधल्या खोलीत त्याच्याबरोबर एक केरळी राहायचा. त्याने बजावलं, "जोडलेला घेऊ नकोस, फसवतात. कंपनीचा सीलबंद घे." प्रत्येकाचं ऐकताना हसनला ते पटायचं, आणि पुढचा माणूस भेटला की आधीचं सगळं मोडून पडायचं.

शेवटी त्याने तसनीमलाच विचारलं. ती म्हणाली, "अब्बा, मला तरी काय ठाव? अजून कॉलेज सुरू नाय झालं."

मालकिणीला बाजारात सोडलं की हसनला मोकळा वेळ मिळायचा. त्या वेळात तो हवल्ली नावाच्या भागातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांसमोर जाऊन उभा राहायचा. आत जायला त्याला बरेच दिवस लागले. एकदा गेला, तर दुकानदाराने विचारलं, कशासाठी हवाय? हा म्हणाला, इंजिनिअरिंगसाठी. कसलं इंजिनिअरिंग? पूल बांधायचं. मग त्यावर काय काय चालवणार? दुकानदाराने आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या, त्यातला एक शब्दही त्याला कळला नाही. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, म्हणून हा हळूच बाहेर पडला.

पुढे मला सांगताना म्हणाला, "मास्तर, ट्रक घ्यायचा असता तर मी चेसीखाली झोपून बघितलं असतं. इंजिन चालू करून कान लावला असता. त्या डब्याला मी काय लावू? नुसता वरनं हात फिरवला."

सुट्टी जवळ आली तेव्हा मात्र घेणं भाग होतं. दुकानात ओळीने मांडलेल्या कॉम्प्युटरांपैकी ज्याचा पडदा सगळ्यात मोठा, तो त्याने उचलला. आतलं काही कळत नव्हतं, आकार तेवढा कळत होता.

विमानतळावर वजनकाट्यापाशी त्याला कळलं की पडद्याचं आणि मशीनचं अशी दोन खोकी आणि बॅग, सगळं मिळून काही जात नाही. त्या काळातला पडद्याचा डबा म्हणजे भाताच्या पोत्यासारखा जड. जादा वजनाचे पैसे भरण्याची त्याची तयारी नव्हती. पोचवायला आलेल्या केरळ्याकडे त्याने बॅग परत दिली. त्यात त्याचे कपडे होते आणि घराघरासाठी घेतलेली अत्तरं, साबण, दुधाची पावडर, बहिणींसाठी कापडं, आईसाठी ब्लँकेट. अंगावरच्या कपड्यांनिशी आणि दोन खोक्यांनिशी तो विमानात बसला.

मी आणि उमैमाचा भाऊ हमजा सुमो घेऊन मुंबईला गेलो होतो. हसनने एक खोकं मागे ठेवू दिलं, पण पडद्याचं खोकं काही केल्या मांडीवरून खाली ठेवीना. गोवा हायवेची त्या पावसात चाळण झाली होती. खड्डा आला की तो दोन्ही हातांनी खोकं वर उचलून धरायचा. पेणच्या पुढे गेल्यावर त्याचे हात भरून आले.

"दे इकडे, मी धरतो," मी म्हटलं.

"नको. तुझ्याकडनं काय झालं तर मी तुला बोलेन. माझ्याकडनं झालं तर कुणाला बोलायला नको."

घरी माणसं जमली होती. दुबई-कुवेतहून माणूस आला की आमच्याकडे अख्खा मोहल्ला जमतो. बॅग कधी उघडते याची वाट बघत बायका-पोरं बसून राहतात. चहा झाला, बिर्याणी झाली, तरी बॅग दिसेना. शेवटी हसनच्या धाकट्या बहिणीने विचारलं, "भाय, सामान मागून येतंय काय?"

"सामान राहिलं गो. हाच आणला."

ती हसली. पण हळूहळू एकेक जण उठून गेला. हसन दारात उभा राहून प्रत्येकाला म्हणत होता, "पुढच्या वेळी आणीन." आपली चूक झाली की नाही, हे त्याला कळत नव्हतं, आणि विचारायला कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर मांडला. प्लग तिकडच्या चौकोनी दांड्यांचा, आमच्या बोर्डात जाईना. वायरमनने तो कापून दुसरा बसवला. तसनीमने बटण दाबलं. पडदा उजळला आणि आम्ही सगळे पुढे सरकलो.

पडद्यावरची सगळी अक्षरं अरबी होती. चंदूच्या क्लासमध्ये तसनीम महिनाभर जात होती. तिथे ज्या गोष्टी डावीकडे असायच्या, त्या इथे उजवीकडे होत्या. तिने माऊस हलवला, इकडेतिकडे दाबलं. जे उघडेल तेही अरबीच. ती बापाकडे बघायला लागली. हसन अरबी बोलायचा झकास, पण वाचायचं म्हटलं तर लहानपणी मदरशात जेवढं शिकला तेवढंच, आणि तेही विसरलेला.

हसनची आई, अमिरुन्निसादादी, पलंगावर बसून बघत होती. तिचे पाय गेलेले, पण नजर शाबूत. मराठी, उर्दू काही वाचता येत नसलं तरी कुराण रोज वाचायची. ती म्हणाली, "मला जवळ न्या बघू."

तिला खुर्चीवर बसवून पडद्यासमोर आणली. तिने चश्मा लावला. "अक्षरं आपलीच हायत," ती म्हणाली, "पण वरखाली जेर-जबरच्या खुणा कायच नाय दिल्यात. वाचायचं कसं?" तरी ती अंदाजाने एकेक शब्द लावायला लागली. "मीम, लाम, फे... मलफ... मिलफ."

"मिलफ!" हसन ओरडला. "मिलफ म्हंजे फाईल. व्हिसाच्या हाफिसात म्हणतात, तुझी मिलफ कुठाय."

तसनीमने तिथे दाबलं. खाली शब्दांची रांग उघडली. दादी पुढे वाचू लागली. एका शब्दावर ती थांबली आणि तिचा चेहरा खुलला. "हिफ्ज! हा तर मला येतोय. हिफ्ज म्हंजे तोंडपाठ करणं. कुराण हिफ्ज करतात तसं."

तसनीमने क्षणभर विचार केला. "दादी, म्हंजे सेव्ह! कॉम्प्युटरनं पाठ करायचं, विसरायचं नाय!"

असं त्यांचं दुपारपर्यंत चाललं. दादी वाचायची, तिला अर्थ माहीत नाही. हसन अर्थ सांगायचा, त्याला वाचता येत नाही. दोघांचं ऐकून तसनीम बटण दाबायची. सगळी हसत होती. मीही हसत होतो. मग हसनकडे लक्ष गेलं, तर तो पडद्यावरची नजर काढून दादीकडे बघत होता.

"दादी काय रोज हिच्या बाजूला बसणार हाय काय?" तो म्हणाला. "एवढा फिरलो, मास्तर. एकानं भाषेचं नाय सांगितलं."

"त्यांना वाटलं असेल, तुला येते."

"पण ही गोष्ट माझ्या ध्यानात कशी नाय आली रे?"

चंदूला बोलावलं. त्याने बसल्या बैठकीला आतलं सगळं पुसून इंग्रजी करून दिलं. वाईट काहीच बोलला नाही, फक्त पाठीमागचं झाकण उघडून आत बघितलं, परत लावलं आणि म्हणाला, "चालेल. काळजी नको." त्या "चालेल"मध्ये काहीतरी होतं, ते हसनने पकडलं. कुवेतला परत जायच्या दिवसापर्यंत तो मला विचारत राहिला, "चंदू चालेल म्हणाला, म्हंजे नक्की काय म्हणाला?"

खरं ते असं होतं की मशीन जुनं होतं. पडदा मोठा, आतली ताकद कमी. पुढे कॉलेजात नकाशे काढायला शिकवू लागले, तेव्हा एक नकाशा उघडेपर्यंत तसनीमचा चहा पिऊन व्हायचा. मध्येच वीज जायची आणि केलेलं जायचं. हे तिने मला सांगितलं. शुक्रवारी कुवेतहून फोन आला की बापाला सांगायची, "झकास चालतोय, अब्बा." आईच्या त्या टाचलेल्या फ्रॉकांची सवय पोरीने बरोबर उचलली होती.

पहिलं वर्ष असं गेलं. मग २००५ चा जुलै आला.

महाडला पुराचं नवल नाही. सावित्री आणि गांधारी, दोन्ही बाजूंनी नद्या. दर पावसाळ्यात पाणी बाजारात येतं आणि जातं. कुठलं पाणी कुठवर येणार हे लोकांना भिंतीवरून माहीत असतं. त्यामुळे पाऊस वाढला तशी तसनीमने नेहमीची तयारी केली. पलंगावर टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, त्याभोवती गोधडी. दरवर्षीच्या हिशेबाने ते पुष्कळ उंच होतं.

त्या दिवशी पाण्याने हिशेब ठेवला नाही. उंबरा ओलांडून ते असं चढत गेलं की बघता बघता गुडघ्याच्या वर. समोर माझ्या घराला माडी आहे, म्हणून मी धावत त्यांच्याकडे गेलो. मी आणि तसनीमने दादीला खुर्चीसकट उचलली. गल्लीतल्या ओढीतून कसं पलीकडे आलो, ते आता सांगता येणार नाही. माडीवर पोचल्यावर तसनीम मागे वळली.

"कुठं चाललीस?" उमैमा ओरडली.

"नुसता मशीनचा डबा घेऊन येते. पडदा राहू दे."

उमैमाने तिची वेणी धरली. "मेलीस तर काय कॉम्प्युटर घेऊन कबरीत जाशील? बस खाली!"

ती बसली. माडीच्या खिडकीतून समोर त्यांचं घर दिसत होतं. पाणी दाराच्या अर्ध्यावर आलं, मग दार दिसेनासं झालं. पाणी चौकटीच्या वर गेलं तेव्हा तसनीमने खिडकीकडे पाठ केली आणि दादीचे पाय पुसत बसली.

तिकडे हसनचं काय चाललं होतं ते त्याने नंतर सांगितलं. कुवेतच्या उन्हाळ्यात मालक सगळं कुटुंब घेऊन परदेशी फिरायला गेला होता आणि एवढा मोठा बंगला हसनच्या भरवशावर सोडून गेला होता. टीव्हीवर मुंबई बुडाल्याचं दाखवत होते. महाडचं नाव एकदा आलं, दरडी कोसळल्याचं आलं, आणि पुन्हा मुंबई. तो घरी फोन लावायचा, माझ्याकडे लावायचा, हमजाकडे लावायचा. सगळीकडे एकच बाई इंग्रजीत तेच ते बोलायची. मालकाच्या प्रत्येक पोराच्या खोलीत एकेक कॉम्प्युटर होता. उबेद म्हणायचा, कॉम्प्युटरवर जगातलं सगळं कळतं. हसन एका खोलीत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसला. तो चालू कसा करायचा हे त्याला माहीत होतं. पुढे काय करायचं हे माहीत नव्हतं. बराच वेळ तसाच बसून राहिला आणि मग बंद करून बाहेर आला.

पाणी ओसरल्यावर घरात चिखलाचा थर होता. टेबल उलटलं होतं. पडदा कोपऱ्यात तोंडावर पडलेला, डब्याच्या फटींतून गाळ गळत होता. तसनीमने बादलीभर स्वच्छ पाणी मिळवून तो पुसून काढला आणि आम्ही चंदूकडे नेला. चंदूच्या दुकानात तसलेच चिखलाचे डबे ओळीने पडले होते आणि तो पायरीवर बसला होता. त्याने आमच्याकडे बघितलं, तसनीमच्या हातातल्या डब्याकडे बघितलं.

"ठेव तिथं," तो म्हणाला. "वाळवून बघू." आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तसनीमने डबा ओळीत ठेवला. तो पुन्हा चालू झाला नाही.

हमजाने सगळ्यांना पोलादपूरला आपल्या घरी नेलं. मीही सोडायला गेलो. तिथे एकाच्या मोबाइलवरून शेवटी कुवेतला फोन लागला. उमैमा बोलेना, नुसती रडत होती, म्हणून मी फोन घेतला.

"मास्तर? सगळी हायत?"

"सगळी आहेत. दादी पण ठीक आहे."

"खरं सांग."

"खरंच सांगतोय रे."

मग तसनीमने फोन घेतला. "अब्बा, कॉम्प्युटर गेला," एवढंच म्हणाली आणि तिचा बांध फुटला. वर्षभर त्या मशीनवर वैतागलेली पोर, पण अशी रडली की पोलादपूरची शेजारीण बयाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली.

पलीकडून हसन काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. तसनीमने नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, "मी येतो." थोड्या वेळाने म्हणाला, "येतो कसा? पासपोर्ट मालकाकडं हाय, मालक इथं नाय." आणि मग, "दादीला कुणी उचलली?" तिने सांगितलं, तिने आणि दत्ताकाकांनी, म्हणजे मी. त्यावर तो पुन:पुन्हा विचारत राहिला, तू उचललीस? तुला झेपली? एवढी मोठी झालीस?

तसनीमने पुढचं वर्ष कॉलेजच्या लॅबमध्ये काढलं. शेवटची एसटी गाठता येईल तोवर थांबायची. घर सावरायलाच वर्ष गेलं. नव्या कॉम्प्युटरचा विषय कुणी काढला नाही. हसननेच काढला, पुढच्या उन्हाळ्यात.

"आता मी नाय ठरवणार," तो तिला म्हणाला. "मी दुकानात उभा राहतो. तू बोल."

आणि त्याने तसंच केलं. हवल्लीतल्या त्याच रस्त्यावर एका दुकानात जाऊन घरी फोन लावला आणि मोबाइल दुकानदाराच्या हातात दिला. तसनीमने इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. दुकानदार मध्ये मध्ये काही सांगायचा, तसनीम नाही म्हणायची, मग तो दुसरा बॉक्स काढायचा. हसन शेजारी उभा. दुकानदाराच्या कानाला लावलेल्या फोनमधून त्याला पोरीचा आवाज बारीक, तुटक ऐकू येत होता.

"काय बोलली, एक शब्द नाय कळला," तो मला म्हणाला. "एकदा वाटलं दोघं भांडतात. मी घाबरलो. दुकानदाराला विचारलं, काय झालं? तो हसला. म्हणाला, तुझी मुलगी मला गंडवू देत नाय." हे सांगताना हसन हसला नाही. "मास्तर, पैसे द्यायला तेवढा मी पुढं झालो. बाकी मी तिथं कशाला होतो?"

तो लॅपटॉप नात्याच्या एका माणसाबरोबर आला आणि तसनीमने त्यावर शिक्षण पुरं केलं. आता ती पुण्याला एका कंपनीत आहे.

हसन कायमचा परत आला तेव्हा साखरेने त्याचे डोळे अधू झाले होते. गाडी चालवणं सुटलं. संध्याकाळी आम्ही दोघं एसटी स्टँडजवळ चहा पितो. तसनीम महिन्या-दीड महिन्याने येते, येताना लॅपटॉप आणते आणि सुट्टीतही काम करत बसते. हसन तिच्या मागे खुर्ची टाकून बसतो. पडद्यावर रेघाच रेघा. एकदा त्याने विचारलं, "हे काय हाय गो?"

"पूल हाय, अब्बा."

"कुठला?"

तिने गाव सांगितलं. ते कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. तिचा फोन वाजला, ती इंग्रजीत बोलायला लागली. हसनने खुर्ची जराशी मागे घेतली, तिला त्रास नको म्हणून, आणि तसाच बसून राहिला.